मूळव्याध म्हणून वर्ष काढायचं, आणि मग एआयकडे बघायचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि विषय संडासवाटे जाणाऱ्या रक्ताचा आहे. जेवताना वाचत असाल तर नंतर वाचा, पण वाचा. आपल्याकडे या विषयावर कोणी तोंड उघडत नाही, आणि न बोलण्याची किंमत माणसं जिवाने मोजतात.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीत आता एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, आली आहे. मोठ्या शहरांतली काही खासगी रुग्णालयं तिची जाहिरातही करतात. आज ना उद्या हे मशीन जळगावच्या रिंग रोडवर आणि धुळ्याच्या साक्री रोडवर येणारच. येऊ द्या. माझा विरोध नाही. पण ते येण्याआधी आपण काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. नाहीतर बिलात एक ओळ वाढेल आणि रोग आहे तिथंच राहील.

आधी मशीन काय करतं ते बघू.

आपल्या मोठ्या आतड्याच्या आतल्या कातडीवर कधी कधी छोटे कोंब फुटतात. त्यांना पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप निरुपद्रवी असतात. काही मात्र हळूहळू वाढतात आणि त्यातल्या थोड्यांचा पुढे कॅन्सर होतो. या प्रवासाला साधारण दहा वर्षं लागतात असं मानलं जातं. म्हणजे हा कॅन्सर आपल्याला भरपूर वेळ देतो. खालून दुर्बीण टाकून, म्हणजे कोलोनोस्कोपी करून, पॉलिप दिसला की तिथल्या तिथे काढता येतो. अमेरिकेत असे पॉलिप काढलेल्या लोकांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१२ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: या लोकांत आतड्याच्या कॅन्सरने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्के कमी होते.

पण पॉलिप दिसला पाहिजे ना! आतडं काही सरळ पाइप नाही. त्याला वळणं आहेत, घड्या आहेत. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी केलेल्या अभ्यासांतून दिसलं, की पहिल्या वेळी साधारण चारातला एक पॉलिप नजरेतून सुटतो. डॉक्टर दमलेला असतो, घाईत असतो, पॉलिप घडीमागे लपलेला असतो. आणि हे सुटणं महाग पडतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तीन लाखांवर कोलोनोस्कोपींचा हिशेब मांडला गेला. ज्या डॉक्टरला असे पॉलिप जास्त रुग्णांत सापडतात, त्याच्या रुग्णांना पुढे कॅन्सर कमी होतो. सापडण्याचं प्रमाण एक टक्क्याने वाढलं की कॅन्सरचा धोका तीन टक्क्यांनी घटतो, असं त्यात दिसलं.

एआय इथं कामाला येतं. दुर्बिणीचं चित्र टीव्हीवर दिसत असतं, आणि मशीनला संशय आला की त्या जागेभोवती चौकोन उमटतो. जणू शेजारी बसलेला कोणीतरी म्हणतो, "साहेब, इथं बघा." चीनच्या सिचुआनमध्ये हजारभर रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. एआय नसताना २०.३ टक्के रुग्णांत असे पॉलिप सापडले, एआयसोबत २९.१ टक्के. जपानने २०१८ मध्येच एका एआय प्रणालीला मान्यता दिली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये जीआय जिनियस नावाच्या मशीनला परवानगी दिली. देताना स्पष्ट सांगितलं, की हे मशीन जागा दाखवतं. ती गाठ कसली आहे हे ते ठरवत नाही, आणि लॅबमधली तपासणी त्याच्यामुळे टळत नाही.

इथपर्यंत सगळं छान. जाहिरात इथंच थांबते. आता पुढचं.

एआयला जे जास्तीचे पॉलिप सापडतात ते मुख्यतः बारीक असतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. स्पेनमध्ये तीन हजारांवर लोकांवर चाचणी झाली. हे सगळे असे, की ज्यांच्या शौचाच्या तपासणीत आधीच रक्ताचा अंश सापडला होता. तिथं मोठे, खरोखर धोक्याचे पॉलिप किंवा कॅन्सर सापडण्याचं प्रमाण एआयसोबत ३४.८ टक्के आणि एआयशिवाय ३४.६ टक्के निघालं. म्हणजे फरक नाहीच. पॉलिप चांगला की वाईट हे बघूनच सांगणाऱ्या एआयची चाचणी २०२२ मध्ये आली. तिथंही ओळखण्याची अचूकता फारशी वाढली नाही, डॉक्टरांचा आत्मविश्वास मात्र बराच वाढला. हे वाक्य परत एकदा वाचा. अचूकता तेवढीच, खात्री जास्त. पत्रकारितेत आम्ही अशा माणसाला घाबरतो.

आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पोलंडमधून बातमी आली. तिथल्या चार केंद्रांत एआय आल्यानंतर, ज्या तपासण्या एआयशिवाय होत होत्या त्यांत पॉलिप सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर घसरलं. हे डॉक्टर नवशिके नव्हते, प्रत्येकाने दोन हजारांवर तपासण्या केलेल्या होत्या. एका अभ्यासावरून निकाल लावू नये हे खरं. पण चौकोन उमटण्याची वाट बघायची सवय लागली की नजर आळसावते, हे समजायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. मोबाइल आल्यापासून आपल्याला किती फोन नंबर पाठ आहेत?

जगातल्या तज्ज्ञांचंही यावर एकमत नाही. २०२५ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या तज्ज्ञांच्या समितीने सरसकट वापर करू नये असा सौम्य सल्ला दिला, युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेने वापरायला हरकत नाही असं म्हटलं, आणि अमेरिकेतल्या पोटविकार संघटनेने बाजूनेही नाही नि विरोधातही नाही, अशी भूमिका घेतली. तेव्हा उद्या कोणी "एआयशिवाय तपासणी म्हणजे मागासलेपण" असं सांगितलं, तर हसून सोडून द्या.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. माझं खरं भांडण इथं आहे.

एआय कधी उपयोगी? माणूस दुर्बिणीपर्यंत पोहोचला तर. आपल्याकडे तो पोहोचतो कसा ते बघा.

चाळिशी-पन्नाशीतला माणूस. रावेर-यावलकडचा केळीवाला असेल, शिरपूरचा मजूर असेल, नाहीतर एसटीतला कर्मचारी. संडासला रक्त दिसतं. पहिलं कारण ठरलेलं: तिखट. शेवभाजी जास्त झाली, भरतात मिरची जास्त पडली. घरचे म्हणतात, "काही नही व्हत, ताक पी." महिनाभर ताक. मग मेडिकलवरून मलम. मग बसस्टँडच्या भिंतीवर रंगवलेला तो नंबर: मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन, गॅरंटीने इलाज. काही ठिकाणी बंगाली दवाखाना. तिथं इंजेक्शन, चूर्ण, पट्टी. रक्त थांबतं, परत सुरू होतं. कारण आतड्यातली गाठ काही रोज रक्त सांडत नाही, मध्ये मध्ये थांबते, आणि थांबली की औषध लागू पडलं असं वाटतं. असं करत सहा महिने, कधी वर्ष जातं. वजन उतरतं, हिमोग्लोबिन खाली येतं. मग लोहाच्या गोळ्या. रक्त कमी का झालं, हे विचारणारं कोणी नाही. शेवटी पोट फुगतं, संडास बंद होतं, तेव्हा तातडीने जळगाव, नाशिक, संभाजीनगर, नाहीतर थेट परळचं टाटा.

बायांचं तर विचारूच नका. घरातली बाई हे नवऱ्यालाही सांगत नाही, डॉक्टरला काय सांगणार? आणि आईने सांगितलंच तर "बाळंतपणापासूनचा त्रास आहे" म्हणून विषय मिटतो.

मूळव्याध हा खोटा आजार नाही. रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याध किंवा फिशरच असतं. घाबरवण्याचा उद्देश नाही. पण न तपासता मूळव्याध ठरवणं हा गुन्हा आहे, आणि तो आपल्याकडे रोज होतो.

आता एक आकडा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी आतड्याच्या कॅन्सरच्या ८०० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णांचं सरासरी वय होतं ४७. अमेरिकेत २०२१ मध्ये तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं. तोच नियम इथं लावला तर आपले कितीतरी रुग्ण तपासणीचं वय यायच्या आधीच आजारी पडलेले असतील. त्याच अभ्यासात दुसरी गोष्ट होती: ४२ टक्के रुग्णांचा कॅन्सर गुदाशयाचा, म्हणजे आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातला होता.

शेवटचा भाग म्हणजे काय ते लक्षात घ्या. त्यातल्या बऱ्याच गाठी डॉक्टरच्या बोटाला लागतात. एक हातमोजा, थोडी जेली आणि दोन मिनिटं. ना वीज, ना नेट, ना एआय. तरीही मूळव्याधीचं औषध लिहिणारे किती जण ही तपासणी करतात? तुम्हीच आठवा, तुमची झाली होती का? पेशंट लाजतो, डॉक्टरला वेळ नसतो, खोलीला पडदा नसतो. एवढ्या साध्या कारणापायी निदान वर्षभर लांबतं, आणि आपण चर्चा करतोय चौकोन हिरवा असावा की निळा याची.

आता कोणी म्हणेल, मग सरकारने सगळ्यांची कोलोनोस्कोपी करावी. नाही, तेही बरोबर नाही. आपल्या देशात या कॅन्सरचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा बरंच कमी आहे. सरकारच्या तिशीनंतरच्या तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत, मोठं आतडं नाही. आज तरी त्याला कारण आहे. धडधाकट माणसांची सरसकट दुर्बीण करत बसलो तर खरे आजारी रांगेत मागे पडतील. शिवाय बोलावलं म्हणून लोक येतात असंही नाही. पोलंड, नॉर्वे, स्वीडन या देशांत ८४ हजारांवर लोकांच्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला. ज्यांना कोलोनोस्कोपीला बोलावलं त्यातले ४२ टक्केच आले. तिथं ही गत, तर आपल्या चोपड्यात, साक्रीत काय होईल?

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. त्रास नसलेल्या माणसांची तपासणी म्हणजे स्क्रीनिंग. त्रास सुरू झालेल्या माणसाचं लवकर निदान, ही दुसरी गोष्ट. पॉलिप शोधणारं एआय हे मुख्यतः पहिल्या कामासाठी बनलं आहे. खान्देशाला आज दुसऱ्या कामाची गरज आहे.

आणि हे काम यंत्राशिवाय होतं याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. तिथं १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जायचे, नुसते आकडे गोळा न करता लोकांशी बोलायचे, लक्षणं सांगायचे, संशय आला तर दवाखान्यात पाठवायचे. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बाया आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात यायला लागल्या. नुसतं बोलून! पुढे शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १ लाख ३१ हजारांवर बायांवर मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २००९ मध्ये आला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या अभ्यासाची दखल जगाने घेतली. तो परळमध्ये झाला नव्हता, मराठवाड्यातल्या खेड्यांत झाला होता.

आपलं काय? राष्ट्रीय कॅन्सर नोंदणीच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातल्या लोकसंख्येवर आधारित नोंदण्या बघा. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी, उस्मानाबाद-बीड. जळगाव नाही, धुळे नाही, नंदुरबार नाही. एआय माहितीवर शिकतं म्हणतात. आमची तर मोजणीच नाही, ते आमच्याकडून काय शिकणार? आपल्याकडे आतड्याचा टीबी असतो, अमिबाच्या जखमा असतात, आणि त्या दिसायला कधी कधी कॅन्सरसारख्याच असतात. पॉलिप शोधायला शिकलेल्या मशीनकडून त्या ओळखण्याची अपेक्षा करता येत नाही. तिथं अनुभवी डॉक्टर आणि तुकडा तपासणारी चांगली लॅब, हेच लागतं.

दुर्बिणीपर्यंत पोहोचलेल्या माणसाची अडचण वेगळीच. कोलोनोस्कोपीआधी आतडं धुऊन निघावं लागतं. आदल्या रात्री जुलाबाचं औषध प्यायचं, मग दहा-पंधरा वेळा पळायचं. ज्याच्या घरी संडास आहे पण पाणी आठ दिवसांआड येतं, त्याने काय करायचं? मेमध्ये पारा ४५ च्या वर असताना म्हाताऱ्या माणसाने रात्रभर जुलाब सोसून सकाळच्या एसटीने जिल्ह्याला यायचं? तो औषध अर्धंच पितो. आतडं घाण राहतं. मग जगातलं सगळ्यात महागडं एआय लावा, त्याला काहीच दिसणार नाही. रुग्णाला आदल्या रात्री दाखल करून घेणारी दहा खाटांची खोली, ही आपल्यासाठी एआयपेक्षा मोठी गोष्ट आहे.

पैशाचं बघा. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं धुळे होतं. तीच आताची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कॅन्सरचं ऑपरेशन, केमो त्यातून होतात, आणि त्यामुळे कितीतरी घरं वाचली, हे मान्यच केलं पाहिजे. पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या उपचारासाठी आहे. रोग आहे की नाही हे बघायची दुर्बीण बहुतेक वेळा खिशातूनच करावी लागते, आणि त्यासाठी काही हजार लागतात. म्हणजे कॅन्सर झाला हे सिद्ध करा, मग लाखो देऊ. सिद्ध करायला मात्र स्वतःचे घाला. मजूर माणूस म्हणतो, राहू द्या, थांबलंय रक्त.

तर मागण्या अशा:

१. रक्ताची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाची बोटाने तपासणी झालीच पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पडदा, हातमोजे, आणि बायांसाठी सोबत नर्स. केस पेपरवर तशी नोंद हवी.

२. आशाताईंच्या घरभेटीत एक प्रश्न वाढवा: संडासवाटे रक्त जातं का, सवय बदलली का? बाई बाईला सांगते.

३. शौचातलं न दिसणारं रक्त ओळखणारी साधी तपासणी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत मोफत करा. जपानमध्ये ती १९९२ पासून देशभर चालते. कोणाची दुर्बीण आधी करायची, हे त्यातून ठरवायला मदत होते.

४. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे, जळगावचं २०१८ चं. दोन्हीकडे कोलोनोस्कोपी आठवड्यातून किती दिवस होते, रांग किती दिवसांची, तुकड्याचा रिपोर्ट किती दिवसांत मिळतो, हे फलकावर लावा. आदल्या रात्रीच्या खाटा राखून ठेवा.

५. खान्देशाची कॅन्सर नोंदणी सुरू करा. आपले लोकप्रतिनिधी दर अधिवेशनात इतके प्रश्न विचारतात, हाही विचारा.

६. आणि हो, एआय आणायचंच असेल तर ते आधी सरकारी महाविद्यालयात आणा. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बीण टाकणारा डॉक्टर एकटा असतो, त्याला दुसरी नजर मिळाली तर चांगलंच आहे. शिकणाऱ्या पोरांनाही फायदा. फक्त काही तपासण्या त्याच्याशिवाय करायचा नियम ठेवा, म्हणजे हात आणि डोळे शाबूत राहतील. आणि त्याचे पैसे रुग्णाच्या बिलात लावू नका.

तुमच्या-माझ्यासाठीही थोडं. रक्त, पोट साफ न झाल्यासारखं वाटणं, संडासची सवय महिनाभर बदललेली, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन उतरणं, यातलं काही असेल तर मलम बाजूला ठेवा आणि शिकलेल्या डॉक्टरकडे जा. आई-वडील, भाऊ-बहिणीला हा कॅन्सर झाला असेल तर त्रास नसला तरी चाळिशीत विचारा. कोणाला तो पन्नाशीच्या आत झाला असेल, तर त्याच्या वयाच्या दहा वर्षं आधी.

दुर्बीण करायची ठरली तर दवाखान्यात एआय आहे का हे विचारू नका. हे विचारा: आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत जाणार का? दुर्बीण बाहेर काढताना किमान सहा मिनिटं बघत काढता का? पॉलिप सापडला तर तो त्याच वेळी काढून लॅबला पाठवता का? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

शेवटी एक विनंती. ज्यांच्या घरात हा आजार झालाय, त्यांनी कमेंटमध्ये किंवा मेसेजमध्ये एवढंच लिहा: पहिलं रक्त दिसल्यापासून निदान व्हायला किती महिने लागले, आणि मधल्या काळात किती ठिकाणी मूळव्याधीचं औषध घेतलं. रुग्णाचं, डॉक्टरचं, दवाखान्याचं नाव लिहू नका. सरकार मोजत नाही तोवर आपण थोडं मोजू. शंभर घरांचे आकडे जमले तरी ते दोन्ही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांकडे मी स्वतः घेऊन जाईन, आणि ते काय म्हणाले ते इथंच लिहीन.